मलारीचा कांदा: परसात वाढणारी वनस्पती २०२१ मध्ये नवीन प्रजाती कशी ठरली

उत्तराखंडमध्ये जोशीमठच्या पुढे धौलीगंगेच्या कडेकडेने वर चढत गेलं की नीती खोरं सुरू होतं आणि त्यात साधारण तीन हजार मीटरवर मलारी हे गाव आहे, चमोली जिल्ह्यातलं, तिबेटच्या हद्दीजवळचं. २०१९ मध्ये या भागात दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या, म्हणजे एनबीपीजीआरच्या शास्त्रज्ञांना एक जंगली कांदा भेटला. त्यावर काम झालं आणि २०२१ मध्ये फायटोकीज या जर्नलमध्ये तो ॲलियम नेगियानम या नावाने (ॲलियम म्हणजे कांदा-लसणाचा वंश) नवीन प्रजाती म्हणून छापून आला. लेखक चार, अंजुला पांडे, के. माधव राय, पवन कुमार मालव आणि एस. राजकुमार.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माझ्या मते ही, की हा कांदा कुठल्या अवघड कड्यावर लपून बसलेला नव्हता. गावातली माणसं त्याला फार पूर्वीपासून ओळखत होती, परसात लावत होती, आणि मसाल्यासाठी जे जे जंगली कांदे बाजारात येतात त्यात हाच सगळ्यात भारी असं तिथल्याच लोकांनी शास्त्रज्ञांना सांगितलं. मग विज्ञानाच्या दप्तरात तो एवढ्या उशिरा का आला, आणि आला तेव्हा नक्की कशाच्या जोरावर आला, हे मला जरा नीट मांडायचंय, कारण बातमीत "हिमालयात नवा कांदा सापडला" एवढंच येतं आणि मधलं सगळं काम गाळलं जातं.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करू, कारण प्रकरणाची गुंतागुंत तिथेच आहे. गढवाल-कुमाऊँकडे डाळीला, भाजीला तुपात फोडणी देतात ती बऱ्याचदा फरण किंवा जंबूची. वाळवलेल्या पातीचे बारीक तुकडे असतात, कधी त्यात फुलंही असतात, चिमूटभर तापलेल्या तुपात टाकलं की कांदा-लसणाच्या मधला असा वास घरभर सुटतो. नेपाळात याच प्रकारच्या मसाल्याला जिम्बू म्हणतात. टीमला खोऱ्यात फिरताना फरण, जंबू, सकुआ, सुंगडुंग, काचो अशी बरीच नावं ऐकायला मिळाली आणि ही नावं एकेका वनस्पतीला घट्ट बांधलेली नाहीत, एका गावात जे फरण ते दुसरीकडे जंबू, आणि एकाच नावाखाली दोन-तीन वेगळ्या प्रजातींची पात विकली जाते. उदाहरण म्हणजे ॲलियम स्ट्रॅची, ही पिवळसर फुलांची प्रजाती बेकर यांनी १८७४ मध्ये वर्णन केली, तीही याच नावांनी गोळा होते. नेपाळातल्या जिम्बूत ॲलियम हिप्सिस्टम आणि ॲलियम प्रझेवाल्स्कियानम असे दोन प्रकार तरी असतातच.

आता विचार करा, पुडीत जे येतं त्यात काय असतं? वाळलेली, कापलेली पात. कंद नाही, कंदावरचं साल नाही, दांडा नाही, फुलं आली तरी चुरा झालेली. ज्या ज्या गोष्टींवरून कांद्याची प्रजाती ओळखतात त्या सगळ्या तोडणीच्या वेळी जागेवरच राहतात किंवा वाळवताना जातात. म्हणजे बाजारात पन्नास पुड्या घेऊन बसलात तरी हा वेगळा आहे असं कुणाला छातीठोक सांगता येणार नाही, आणि लोकांना चवीवरून फरक कळत होता तरी चव हे वनस्पतिशास्त्रात पुराव्याला चालत नाही. ज्याला हे सोडवायचंय त्याला झाड फुलावर असताना तिथे उभं राहावं लागतं. आणि तो काळ म्हणजे नेमका पावसाळ्याचा, रस्ते खचण्याचा, दरडींचा. नीती खोऱ्यातली भोटिया कुटुंबंसुद्धा थंडीत खाली उतरतात आणि उन्हाळ्यात वरच्या गावांना परततात, वर्षभर तिथे राहणं कुणालाच सोपं नाही. ७ फेब्रुवारी २०२१ ला ऋषिगंगेला पूर आला तेव्हा रैणीचा पूल वाहून गेला आणि वरच्या गावांचा रस्ताच तुटला होता, एवढा हा भाग एका रस्त्यावर टांगलेला आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हे झाड डोळ्यापुढे आणायला आपलाच कांदा बरा. बीजोत्पादनाचं शेत ज्यांनी पाहिलंय त्यांना डेंगळे माहीत असतात, पातीमधून वर येणारा उंच दांडा आणि त्याच्या टोकाला गोंडा. हा गोंडा म्हणजे एक फूल नाही, शेकडो छोटी फुलं एकाच ठिकाणाहून निघालेली असतात, प्रत्येकाला आपापला बारीक देठ, आणि कळीच्या अवस्थेत सगळ्यांवर मिळून एक पातळ पापुद्रा असतो जो फुलताना फाटतो. ॲलियमच्या जवळपास सगळ्या प्रजातींत हीच रचना. फरक खाली असतो. आपला कांदा जमिनीत एकटा, गोल, गरगरीत, खाली चकतीसारखा छोटा भाग आणि त्यातून मुळं. नेगियानम ॲलियमच्या ज्या उपवंशात, म्हणजे वंशाच्या आतल्या मोठ्या गटात, रायझिरिडियममध्ये ठेवलाय तिथे कंद बारीक आणि लांबोळे असतात आणि आडव्या मूळखोडाला चिकटून झुबक्याने वाढतात, त्यामुळे बाहेरून गवताचा ठोंब वाटावा असं रूप. ही मूळखोडाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तोडणीच्या प्रश्नात तीच कामाला येणार आहे.

जगभरात ॲलियमच्या साधारण अकराशे प्रजाती आहेत, कांदा, लसूण ही त्यातली दोनच घरगुती नावं. भारतात ३५ ते ४० प्रजाती धरतात आणि त्यातल्या ८५ टक्क्यांहून जास्त पश्चिम हिमालयात, साधारण अडीच ते साडेचार हजार मीटरच्या पट्ट्यात. सह्याद्रीत आपल्याला कंदवाली फुलं भरपूर दिसतात, दीपकाडी आहे, क्रायनम आहेत, पावसाच्या आधी उगवणारा रानकांदा आहे, पण रानकांद्याचं नाव कांदा असलं तरी तो ॲलियम नाही, वेगळ्याच घराण्यातला ड्रिमिया आहे आणि विषारी आहे, हे सांगितलेलं बरं कारण ट्रेकला गेलेले लोक कंद दिसला की हात घालतात. तर ॲलियमचा अभ्यास करायचा तर आपल्याकडच्या माणसालाही वर हिमालयातच जावं लागतं. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, तिथे लागवडीच्या वाणांबरोबर जंगली आणि कमी वापरातले ॲलियमही जपतात, ते एवढ्यासाठीच की रोगप्रतिकार, थंडी-कोरड सहन करण्याची ताकद हे गुण अशा नातेवाइकांत शोधतात.

मलारीच्या कांद्याकडे परत येऊ. असं काही वेगळं दिसलं की पहिला प्रश्न हा नवा आहे का असा नसतोच, पहिला प्रश्न हा आधी माहीत असलेल्यापैकी कोण आहे असा असतो. आणि इथे मुख्य संशयित होता ॲलियम प्रझेवाल्स्कियानम. ही प्रजाती एदुआर्ड रेगेल यांनी १८७५ मध्ये वर्णन केली, सेंट पीटर्सबर्गमध्ये बसून, निकोलाय प्रझेवाल्स्की या मध्य आशियात फिरलेल्या रशियन अधिकाऱ्याचं नाव तिला दिलं (त्याच्याच नावाचा जंगली घोडाही आहे). तिबेटचं पठार, चीनचे पश्चिमेकडचे प्रांत, नेपाळ, आपल्याकडचा हिमालय, पाकिस्तान असा तिचा प्रचंड पसारा. इतक्या मोठ्या भागात पसरलेली, रंगात-उंचीत बदलणारी प्रजाती असली की तिच्याजवळचं काहीही सापडलं तरी हा तिचाच एखादा प्रकार असेल म्हणून फाईल बंद करायचा मोह होतो. मला वाटतं हिमालयातल्या कितीतरी कंदवर्गीय वनस्पती अशाच दुसऱ्याच्या नावाखाली हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, पडून असतील.

हर्बेरियमचंही जरा सांगतो कारण कंदाच्या बाबतीत ते फार अडचणीचं साधन आहे. साधी फांदी कागदात दाबून वाळवली की दोन-चार दिवसांत तयार होते. कंदात पाणी आणि साठा असतो, तो दाबला तरी मरत नाही, कागदाच्या आतच नवी पात काढतो, नाहीतर बुरशी धरतो. म्हणून कंद उकळत्या पाण्यात बुडवून मारतात किंवा उभा चिरून अर्धा ठेवतात. पण हे करताना वरचं साल सांभाळावं लागतं कारण ॲलियममध्ये साल हा मोठा पुरावा. काहींचं कागदासारखं गुळगुळीत, काहींचं उभ्या तंतूंचं, काहींचं बारीक जाळीचं. प्रझेवाल्स्कियानमचं साल लालसर आणि जाळीदार असतं, भिंगाखाली जाळी स्पष्ट दिसते. गोळा करणारा माणूस घाईत असला आणि माती झटकताना वरची सालं निघून गेली की तो नमुना निम्मा वाया. शिवाय दाबल्यावर फुलांचा रंग उडतो, गोंडा चपटा होतो, तो दाट गोल होता की सैल विस्कटलेला होता, वर बघत होता की झुकलेला होता हे नंतर कुणाला कळणार? जुन्या नमुन्यांच्या भरवशावर हे प्रकरण सुटण्यासारखं नव्हतं ते यामुळे. फुलावरचं जिवंत झाड, त्याच जागेवर काढलेल्या नोंदी आणि फोटो, सालासकट कंद, हे सगळं एकत्र लागतं.

आणि मग बारकावे. शक्य असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये कांद्याच्या गोंड्यातलं एक फूल तोडा आणि दहापट भिंगाखाली धरा. सहा पाकळ्या दिसतील, सहा पुंकेसर दिसतील, तीन बाहेरच्या ओळीत, तीन आतल्या. आतल्या तिघांचा तंतू बुडाशी एकदम रुंद होतो आणि दोन्ही बाजूंना एकेक छोटा दात असतो. लसणात हेच दात लांबून टोकदार शेपट्यांसारखे होतात. प्रझेवाल्स्कियानममध्येही आतल्या तंतूंना दात असतात आणि सगळे पुंकेसर पाकळ्यांच्या दीडपट-दुप्पट लांब, म्हणजे फुलाच्या बाहेर डोकावणारे. मिलिमीटरच्या खालची ही मापं, पण ॲलियमची वर्गवारी त्यावरच उभी आहे, कारण पात किती उंच झाली हे माती-पाण्यावर ठरतं, तंतूला दात असणं-नसणं त्यामानाने फार कमी बदलतं. साल, पातीचा आडवा छेद पोकळ की भरीव, गोंड्याची घनता, देठांची लांबी, पाकळ्यांचा रंग-आकार, पुंकेसर, अशी एकेक गोष्ट घेऊन नव्या झाडाची तुलना जवळच्या प्रजातींशी करायची. एक फरक सापडला तर तो योगायोग असू शकतो, चार-पाच फरक एकमेकांशी जोडीने आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या झाडांत सारखे दिसले की मग वजन येतं.

यानंतर डीएनए. या कामात आयटीएस नावाचा तुकडा वापरलाय, पेशीकेंद्रातल्या रायबोसोमच्या जनुकांच्या मधला भाग. त्याचा फायदा असा की तो पेशीत हजारो प्रतींत असतो, त्यामुळे जुन्या वाळक्या पानातूनही निघतो, आणि जवळच्या प्रजातींत फरक दाखवण्याइतका भरभर बदलतो. ॲलियमच्या शेकडो प्रजातींचे आयटीएस क्रम आधीपासून उपलब्ध आहेत. २००६ मध्ये फ्रीझेन, फ्रिट्श आणि ब्लॅटनर यांनी याच आधारावर सगळ्या ॲलियमची नवी मांडणी केली, १५ उपवंश आणि ७२ विभाग, आजही तीच वापरतात. मलारीच्या कांद्याचा क्रम त्या मोठ्या वंशवृक्षात बसवला की तो कुणाच्या शेजारी जातो आणि शेजाऱ्यापासून किती अंतरावर पडतो हे दिसतं.

इथे माझं एक मत आहे. आयटीएस एकटा पुरेसा मानू नये. तो पेशीकेंद्रातला असल्यामुळे आई-बाप दोघांकडून येतो, संकर झालेला असेल तर त्याच्या प्रती एकमेकींत मिसळून एकसारख्या होतात आणि संकराचा माग पुसला जातो. ॲलियममध्ये तर गुणसूत्रांचाही घोळ आहे. बहुतेकांत एका संचात ८, दोन संच मिळून कांद्यात १६, लसणात १६. पण प्रझेवाल्स्कियानममध्ये तिबेटच्या पठारावर १६ वाली झाडं आहेत आणि ३२ वालीही आहेत, आणि बाहेरून दोघं इतकी सारखी की गुणसूत्रं मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणजे आत मोठा फरक असूनही ती एकच प्रजाती धरली जाते, आणि इकडे बाहेरचे फरक धरून दुसरी प्रजाती वेगळी केली जाते. याला मी विसंगती म्हणणार नाही, पण वाचणाऱ्याने एवढं समजून घ्यायला हवं की प्रजाती ही शेवटी पुराव्यासकट मांडलेली गृहीतकं असतात, पुढचा माणूस क्लोरोप्लास्टचा डीएनए, आणखी खोऱ्यांतली झाडं, गुणसूत्रं घेऊन येईल आणि तपासेल. नेगियानमच्या बाजूने मला पटणारी गोष्ट म्हणजे बाह्य लक्षणं आणि आयटीएस दोन्ही एकत्र ठेवून निर्णय घेतलाय, नुसत्या रंगावर किंवा नुसत्या क्रमावर नाही.

पुष्कळांना वाटतं की नवीन प्रजातीला कुठली तरी सरकारी किंवा आंतरराष्ट्रीय समिती मंजुरी देते. तसं काही नसतं. नामकरणाची संहिता आहे, तिचे नियम पाळून छापलं की नाव वैध. एक नमुना कायमचा आधार म्हणून नेमावा लागतो, त्याला होलोटाइप म्हणतात, तो कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवलाय ते लिहावं लागतं, आणि जवळच्या प्रजातीपासून वेगळेपण थोडक्यात सांगावं लागतं. हे वेगळेपण २०११ अखेरपर्यंत लॅटिनमध्येच लिहिणं सक्तीचं होतं, १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालतं आणि फक्त ऑनलाइन छापलेलंही वैध धरतात. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. फायटोकीज तर सगळ्यांना फुकट वाचता येतं, चमोलीतल्या कॉलेजचा मुलगासुद्धा फोनवर मूळ वर्णन उघडून समोरच्या झाडाशी ताडून बघू शकतो, रेगेल यांच्या काळात हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

कुळाबद्दल एक ओळ, कारण गोंधळ होतो. बीएस्सीला प्रॅक्टिकलमध्ये आपण कांद्याचं फूल लिलिएसीत लिहून मार्क घेतलेत, मध्ये काही काळ त्याला ॲलिएसी असं स्वतंत्र कूळ होतं, आणि २००९ च्या एपीजी तीन या वर्गीकरणापासून तो अमॅरिलिडेसीत आहे. नेगियानमच्या पेपरमध्येही कूळ अमॅरिलिडेसीच आहे.

नाव दिलंय ते डॉ. कुलदीपसिंह नेगी यांच्या सन्मानार्थ. हिमालयात फिरून ॲलियम गोळा करण्यात त्यांचं काम फार मोठं आहे. अशा कामाला कागदावर फारसं श्रेय मिळत नाही, वर जाऊन कंद खणायचे, नोंदी ठेवायच्या, खाली आणून वाढवायचे, वर्षानुवर्षं जिवंत ठेवायचे, आणि त्यावर पेपर बऱ्याचदा दुसराच कुणीतरी लिहितो. म्हणून हे नाव मला अगदी योग्य वाटतं.

आता नाव मिळाल्याने नक्की काय बदलतं? तर हिशोब बदलतो. आत्तापर्यंत ही झाडं फरण-जंबूच्या ढिगात मोजली जात होती, आणि तो ढीग मोठा दिसतो कारण त्यात पसरलेल्या प्रजातीही आहेत. वेगळी केल्यावर कळतं की हिचं क्षेत्र लहान आहे, पश्चिम हिमालयाबाहेर कुठूनच नोंद नाही, तीन हजार ते चार हजार आठशे मीटरच्या मध्ये, बुग्यालांमध्ये म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांत, ओढ्यांच्या काठच्या वाळूमिश्रित मातीत. वितळणाऱ्या बर्फाचं पाणी हिचं बी वाहून खालच्या चांगल्या जागी नेऊन टाकतं. आणि नेमकी हीच चवीला सगळ्यात चांगली म्हणून जास्त मागणी. शास्त्रज्ञांनीही हीच भीती लिहून ठेवलीय, की पात आणि कंद बेसुमार काढले तर रानातली झाडं संकटात येतील.

इथे मघाचं मूळखोड कामाला येतं. पात वरून कापली तर खालचं मूळखोड आणि कंद जागेवर राहतात, झाड पुन्हा फुटतं. कंद उपटला की तो ठोंब गेला. आणि फुलांसकट दांडे खुडले तर झाड जगतं पण त्या वर्षीचं बी जातं, पाण्याबरोबर वाहायला काही उरतच नाही. म्हणजे एकाच पुडीमागे तीन वेगळ्या तऱ्हेचं नुकसान असू शकतं, आणि घेणाऱ्याला ते कळत नाही. मला वाटतं यात सगळ्यात हाताशी असलेला उपाय गावाकडेच तयार आहे. लोक हा कांदा परसात आधीच लावतात, ठोंब विभागून नवीन रोप करणं अशा वाढीच्या झाडात अवघड नसतं, मग बाजाराचा माल परसातून आणि वाफ्यातून यावा, बुग्यालातून नको. त्यासाठी विकणाऱ्या बचत गटांना, व्यापाऱ्यांना पुडीवर लागवडीचा की रानातला एवढं लिहायला लावलं आणि लागवडीच्या मालाला चार पैसे जास्त मिळाले तर फरक पडेल. मनाई करून काही होणार नाही, तिथल्या माणसांचा तो रोजचा मसाला आहे आणि कमाईही आहे.

दुसरं राहिलेलं काम म्हणजे शेजारची खोरी. जोहार, दारमा, ब्यांस, पलीकडे नेलांग आणि किन्नौर, इथेही फरण-जंबू खातात आणि विकतात, आणि तिथली पात कुठल्या प्रजातीची हे फुलावर असताना, सालासकट कंद हातात घेऊन तपासायला हवं. नेगियानम तिथेही निघाला तर त्याचं क्षेत्र वाढेल आणि काळजी थोडी कमी होईल, आणि तिसरंच काही निघालं तर या सगळ्या पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून. उत्तराखंडातल्या कॉलेजांतल्या वनस्पतिशास्त्राच्या मुलांनी आपापल्या गावच्या परसातल्या जंबूचे फुलावरचे फोटो, जागेची उंची, सालाचा जवळून काढलेला एक फोटो एवढं जरी जमा केलं तरी पुढच्या टीमला कुठे जायचं ते आधीच कळेल.